भंगाराचं वजन

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला उत्तर महाराष्ट्रात आणि विदर्भात हजारो लोकांनी आकाशात पेटत्या ठिणग्यांची एक रांग सरकताना पाहिली. कुणी अंगणात होतं, कुणी गच्चीवर, कुणी रस्त्यात गाडी थांबवून. अनेकांनी मोबाइलवर चित्रण केलं आणि अर्ध्या तासात ते राज्यभर फिरलं. बहुतेकांना तो उल्कापात वाटला. पण उल्का एक-दोन सेकंदांत विझते. ही रांग सावकाश, जवळजवळ आडवी सरकत होती आणि चांगला वेळ दिसत राहिली. यामागे साधं कारण आहे. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटरच्या वेगाने येते, बहुतेक वेळा त्याहून बरीच जास्त. पृथ्वीभोवती फिरत असलेली वस्तू सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटर वेगाने आणि अगदी तिरक्या कोनात वातावरणात शिरते. त्यामुळे जळणाऱ्या उपग्रहाचा किंवा रॉकेटचा प्रवास डोळ्यांना नीट दिसतो.

त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मोकळ्या जागेवर धातूचं एक प्रचंड कडं आदळलं. व्यास दोन ते तीन मीटर, वजन चाळीस किलोंहून जास्त. पाठोपाठ त्याच तालुक्यात पवनपारच्या परिसरात धातूचा गोळा सापडला. कुणाला इजा झाली नाही, हे त्या गावांचं नशीब. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या आणि इस्रोला कळवण्यात आलं.

आपल्या राहुरीपासून सिंदेवाही सरळ रेषेत साधारण ५३० किलोमीटर. एसटीने जायचं तर दिवस जातो. सेकंदाला साडेसात किलोमीटर जाणाऱ्या वस्तूला या अंतरासाठी सत्तर सेकंद पुरतात. म्हणून लाडबोरीची बातमी वाचताना ‘तिकडे दूर विदर्भात काहीतरी पडलं’ असं राहुरीकराने म्हणू नये. उदाहरणार्थ, ज्या कक्षांचा विषुववृत्ताशी कोन २८.५ अंशांचा असतो, त्यांतली वस्तू उत्तर आणि दक्षिण २८.५ अक्षांशांमधल्या कोणत्याही ठिकाणावरून जाऊ शकते. राहुरी १९.४ अंश उत्तरेला आहे, सिंदेवाही २०.३ अंशांच्या आसपास. दोन्ही गावं त्याच पट्ट्यात येतात.

मोजपट्टीने लागलेला छडा

कडं कुणाचं? पहिला संशय न्यूझीलंडवरून सुटलेल्या ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेटवर गेला. त्याच दिवशी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला त्याचं उड्डाण झालं होतं, त्यामुळे वेळ जुळल्यासारखी वाटत होती. पण इलेक्ट्रॉन हे लहान रॉकेट आहे. त्याचा व्यास १.२ मीटर. दोन मीटरहून मोठं कडं त्याच्या अंगातून निघणं शक्यच नाही. इथे साध्या मोजपट्टीने एका संशयिताचं नाव वगळता येतं.

खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल उपग्रह आणि रॉकेटांची बारकाईने नोंद ठेवतात. त्यांनी सांगितलं, की ही बहुधा चीनच्या ‘चांग झेंग ३-बी’ रॉकेटची तिसरी पायरी असावी. हे रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलं होतं आणि त्याची रिकामी पायरी चौदा महिने लंबवर्तुळाकार कक्षेत फिरत खाली येत होती. या तिसऱ्या पायरीचा व्यास आहे तीन मीटर. कड्याचं माप त्याला जुळतं. अशा पायरीत वायू दाबून भरलेल्या गोल टाक्या असतात, म्हणजे गोळ्याचाही खुलासा होतो. पुढच्याच महिन्यात गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या गावांमध्ये असेच धातूचे गोळे पडले.

गोळेच का वाचतात, हेही समजून घेण्यासारखं आहे. रॉकेटचं बहुतांश अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. दाबाच्या टाक्या बऱ्याचदा टायटॅनियमच्या असतात आणि तो १६६८ अंशांना वितळतो. शिवाय पोकळ गोळा आकाराच्या मानाने हलका असतो. विरळ हवेतच त्याचा वेग लवकर कमी होतो आणि त्याला उष्णता कमी सोसावी लागते. मोठ्या वस्तूच्या मूळ वजनाचा १० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत पोहोचू शकतो, असं तज्ज्ञ धरून चालतात. या पायरीचं रिकामं वजन अडीच-तीन टनांच्या घरात होतं. त्या हिशेबाने चाळीस किलोंचं कडं हा अगदी लहान वाटा होता.

आकार कळला, पण वजन?

युरोपीय अंतराळ संस्थेच्या अंदाजानुसार पृथ्वीभोवती १० सेंटिमीटरहून मोठ्या सुमारे ५४ हजार वस्तू आहेत. त्यात चालू उपग्रहही आले. १ ते १० सेंटिमीटरचे तुकडे सुमारे १२ लाख आणि त्याहून बारीक, मिलिमीटरपर्यंतचे, तेरा-चौदा कोटी. सगळं मिळून वजन १३ हजार टनांहून जास्त. यातल्या मोठ्या वस्तूंचं वजन बनवणाऱ्यांच्या कागदांवरून कळतं. उपग्रह तयार करताना तो काट्यावर ठेवलेला असतो. रॉकेटच्या पायरीचंही तसंच, फक्त टाकीत उरलेलं इंधन किती हे नेमकं सांगता येत नाही. खरी अडचण तुकड्यांची आहे. कुठल्या तरी स्फोटातून किंवा टकरीतून उडालेल्या तुकड्याचं वजन कुणी केलेलं नसतं. तो कशाचा बनलाय, भरीव आहे की पोकळ, हे वरून दिसत नाही.

याने काय फरक पडतो? एक हिशेब मांडून पाहू. दहा सेंटिमीटर व्यासाचा भरीव ॲल्युमिनियमचा गोळा घ्या. त्याचं वजन सुमारे १.४ किलो. खालच्या कक्षांमध्ये दोन वस्तूंची टक्कर होताना सापेक्ष वेग सरासरी सेकंदाला १० किलोमीटर असतो. या वेगाला त्या गोळ्याची ऊर्जा सात कोटी जूल भरते. आता दहा सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद, ०.१ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या. वजन फक्त २.७ ग्रॅम, ऊर्जा एक लाख पस्तीस हजार जूल. एका ओळीत सांगायचं तर दोघांची लांबी एकच, पण मारण्याच्या ताकदीत पाचशे पटींहून जास्त फरक.

अवकाशातल्या टकरींचा अभ्यास करणारे एक ढोबळ नियम वापरतात. टक्कर बसणाऱ्या उपग्रहाच्या दर ग्रॅम वजनामागे ४० जूल ऊर्जा आदळली, तर तो पूर्ण फुटतो आणि त्याचे हजारो तुकडे होतात. या मापाने तो गोळा पावणेदोन टनांच्या उपग्रहाचा चुराडा करू शकतो. पत्र्याने फार तर साडेतीन किलोंचा उपग्रह फुटेल. मोठ्या उपग्रहाला त्याने छिद्र पडेल, एखादं उपकरण निकामी होईल, पण तुकड्यांचा नवा ढग तयार होणार नाही. सावधगिरी कुठल्या वेळी बाळगायची आणि इंधन जाळून उपग्रह कधी बाजूला घ्यायचा, हा निर्णय तुकड्याच्या वजनावरही अवलंबून असतो. नुसती लांबी कळणं म्हणजे अर्धीच माहिती.

रडार काय बघतं

आकाराचा पहिला अंदाज रडार देतं. रडार लहरी सोडतं, वस्तूवरून परतणारा प्रतिध्वनी ऐकतं आणि त्याच्या जोरावरून वस्तू किती मोठी असावी हे ठरवतं. इथे अंतर फार मोठा खेळ करतं. अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो, कारण लहर जाताना पसरते आणि येतानाही पसरते. श्रीहरिकोट्याला इस्रोचं एकाच वेळी अनेक वस्तूंचा माग काढणारं रडार आहे. त्याची क्षमता सांगितली जाते ती अशी: ८०० किलोमीटरवर ३० सेंटिमीटर लांब-रुंद वस्तू, हजार किलोमीटरवर ५० सेंटिमीटर लांब-रुंद. अंतर सव्वापट वाढलं आणि दिसण्यासाठी लागणारं क्षेत्रफळ पावणेतीन पटींहून थोडं जास्त झालं. अंतराच्या चौथ्या घाताच्या नियमाशी हा आकडा बऱ्यापैकी जुळतो.

दुसरी अट लहरींच्या लांबीची. वस्तू लहरीपेक्षा बरीच लहान असली, तर प्रतिध्वनी आकाराच्या सहाव्या घाताने घटतो. तुकडा निम्मा झाला की प्रतिध्वनी चौसष्टाव्या हिश्शावर. अमेरिकेची जुनी टेहळणी रडारं ७० सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी वापरत. त्यामुळेच पूर्वीपासून यादीत येणाऱ्या वस्तूंची खालची मर्यादा १० सेंटिमीटर पडली. त्याहून बारीक कण पाहायला मॅसॅच्युसेट्समधलं हेस्टॅक रडार तीन सेंटिमीटरची लहर वापरतं. ते एका दिशेला रोखून ठेवतात आणि शलाकेतून काय काय जातं ते मोजतात. त्या नमुन्यावरून बाकीच्या आकाशाचा हिशेब लावतात.

तुकडा काही गोल नसतो. एखादा लांबुळका, एखादा वाकडा पत्रा, एखादी तार. म्हणून शास्त्रज्ञ एक ठरावीक ‘लांबी’ धरतात: एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन मापांची सरासरी. शिवाय तुकडा गरगर फिरत असतो, कधी रुंद बाजू रडारकडे, कधी कड. एकाच वस्तूचा प्रतिध्वनी क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून एका झलकेवर विश्वास ठेवत नाहीत, अनेक वेळा पाहून सरासरी काढतात.

दुर्बिणीचा मार्ग वेगळा. ती सूर्यप्रकाशात चमकणारी वस्तू पाहते. पण लहान आणि चकचकीत वस्तू ही मोठ्या आणि काळपट वस्तूइतकीच तेजस्वी दिसू शकते. तुकडे आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशातला साधारण १० ते २० टक्के परत पाठवतात, असं मानून आकार काढला जातो. हा आकडा दुपटीने चुकला, तर क्षेत्रफळाचा अंदाज दुपटीने आणि व्यासाचा सुमारे ४० टक्क्यांनी चुकतो.

हवा वजन सांगते

वजनाचा अंदाज मात्र रडार किंवा दुर्बीण थेट देत नाही. तो वस्तूच्या चालीतून काढावा लागतो. चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवरही हवा असते, अतिशय विरळ. ती प्रत्येक वस्तूला किंचित अडवते. हलक्या आणि पसरट वस्तूची उंची झपाट्याने घटते, जड आणि आटोपशीर वस्तू वर टिकते. कक्षा रोज किती घसरते हे मोजलं, की वस्तूच्या क्षेत्रफळाचं वजनाशी गुणोत्तर कळतं. आपल्या उदाहरणातला पत्रा आणि गोळा घेतला आणि गरगर फिरणाऱ्या पत्र्याचं सरासरी क्षेत्रफळ धरलं, तर हे गुणोत्तर पत्र्याचं गोळ्याच्या सुमारे ३३३ पट भरतं. रडारवरून क्षेत्रफळ, घसरणीवरून गुणोत्तर. एकाला दुसऱ्याने भागलं की हाती वजन येतं.

यात एक मोठी अडचण आहे. उंचावरची हवा स्थिर नसते. सूर्य तापला, त्यावर वादळं झाली, की ती फुगते आणि अडथळा कित्येक पटींनी वाढतो. मग हवा किती दाट हे कसं कळावं? ज्या वस्तूंचं आकार-वजन आधीच माहीत आहे, त्यांच्यावरून. १७ मार्च १९५८ ला अमेरिकेने ‘व्हॅनगार्ड १’ पाठवला. साडेसोळा सेंटिमीटरचा गोळा, वजन सुमारे दीड किलो. त्याचा आवाज १९६४ मध्ये थांबला, पण तो अजून फिरतोय. माणसाने बनवलेली आणि आजही कक्षेत असलेली ती सर्वांत जुनी वस्तू. त्याच्या कक्षेच्या बदलांवरून वरच्या हवेची घनता काढता आली. त्या माहितीवर पुढे अनोळखी तुकड्यांची वजनं काढली गेली.

हजारो किलोमीटर उंचीवर, जिथे हवा नावालाही नाही, तिथे सूर्यप्रकाशाचा दाब हे काम करतो. भूस्थिर उपग्रहांच्या पट्ट्याजवळ २००४ च्या सुमारास काही अशा वस्तू सापडल्या, की उन्हाच्या रेट्याने त्यांची कक्षा महिन्यागणिक बदलत होती. त्या म्हणजे बहुधा उपग्रहांभोवती गुंडाळलेल्या उष्णतारोधक पापुद्र्यांचे फाटके तुकडे. आकाराने भलेमोठे, वजनाला जवळजवळ काहीच नाही.

राहुरी भागात उभ्या उसाचा अंदाज बांधणारी माणसं आहेत. फुटवे किती, कांडं केवढं जाड, पेरं किती लांब, हे पाहून ती एकरी टन सांगतात. खरं काय ते कारखान्याच्या काट्यावर ठरतं. अवकाशातल्या कचऱ्याच्या वजनाचा अंदाजही असाच बांधतात, पण त्यातला फार थोडा माल काट्यापर्यंत पोहोचतो.

म्हणूनच अभ्यासकांनी मुद्दाम उपग्रह फोडून पाहिला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या प्रयोगशाळेत ‘डेब्रिसॅट’ नावाचा ५६ किलोंचा नमुना उपग्रह उभा केला. त्यावर अर्ध्या किलोहून थोड्या जास्त वजनाची गोळी सेकंदाला ६.८ किलोमीटर वेगाने मारली. भिंतींना मऊ फोम लावला होता, त्यात तुकडे रुतले. नंतर फ्लोरिडा विद्यापीठात वर्षानुवर्षं हे तुकडे एकेक करून काढणं, मोजणं आणि तोलणं चाललं. तुकड्याची लांबी अमुक असली तर वजन साधारण किती, तो कोणत्या पदार्थाचा, याचा पक्का आधार त्यातून मिळतो. आधीची गणितं १९९२ मधल्या चाचणीवर उभी होती. तेव्हा फोडलेला उपग्रह साठच्या दशकातला. आजच्या उपग्रहांत कार्बन तंतूंचे सांगाडे आणि प्लास्टिकचे थर जास्त, म्हणून नवी चाचणी लागली.

आपला वाटा, आपलं काम

भारताने आपल्या कचऱ्याचा हिशेब टाळलेला नाही, हे सांगायला हवं आणि आपला वाटा किती हेही सांगायला हवं. ऑक्टोबर २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ रॉकेट यशस्वी झालं, पण १९ डिसेंबरला त्याची रिकामी चौथी पायरी कक्षेत फुटली आणि तीनशेहून अधिक तुकड्यांची नोंद झाली. त्यानंतर उरलेलं इंधन काढून टाकण्याची पद्धत सुरू झाली. २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’मध्ये सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर ७४० किलोंचा ‘मायक्रोसॅट-आर’ पाडला. उंची कमी असल्याने बहुतेक तुकडे लवकर जळून गेले. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडलेली मोठी दंडगोलाकार वस्तू पीएसएलव्हीच्या तिसऱ्या पायरीची निघाली. म्हणजे आपलंही लाडबोरी कुठेतरी झालेलं आहे.

दुसऱ्या बाजूला, मार्च २०२३ मध्ये इस्रोने ‘मेघा-ट्रॉपिक्स’ उपग्रह ठरवून समुद्रावर जाळून टाकला. ‘कार्टोसॅट-२’ची कक्षा इंधन वापरून आधीच खाली आणली होती, तो २०२४ मध्ये वातावरणात शिरला. अवकाशातल्या टकरींवर नजर ठेवण्यासाठी २०२२ मध्ये बेंगळुरूला खास केंद्र सुरू झालं. २०३० पर्यंत कचरामुक्त मोहिमांचं उद्दिष्ट देशाने जाहीर केलं आहे.

हे सगळं राहुरीच्या शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पाऊस, तापमान, कीड यांबद्दल जो सल्ला येतो, त्यामागे उपग्रहांची छायाचित्रं आहेत. ट्रॅक्टरचा जीपीएस, ड्रोनची फवारणी, सगळं वरच्या गर्दीवर अवलंबून आहे. १० फेब्रुवारी २००९ ला ‘इरिडियम ३३’ हा चालू उपग्रह आणि ‘कॉसमॉस २२५१’ हा बंद पडलेला रशियन उपग्रह ७८९ किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले आणि मोजता येतील असे दोन हजारांवर तुकडे झाले. एक टक्कर दुसरीला जन्म देते, ही भीती नासाच्या डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच मांडली होती.

पडणाऱ्या वस्तूचं नेमकं ठिकाण आधी सांगणं आजही जमत नाही. पडायला एक तास उरला असताना अंदाजात दहा मिनिटांची चूक धरावी लागते, म्हणजे जमिनीवर साडेचार हजार किलोमीटरची. एवढ्या पट्ट्यात कुठलंही गाव रिकामं करता येत नाही. १९७९ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अवकाशस्थानक पडणार म्हणून घराघरांत भीती होती, ती अज्ञानातून आलेली असली तरी निराधार नव्हती. स्कायलॅबचे तुकडे अखेर ऑस्ट्रेलियात पडले.

मग सामान्य माणसाने काय करायचं? आधी दूर राहायचं. काही टाक्यांत हायड्रेझिनसारखी विषारी इंधनं असू शकतात, म्हणून हात लावायचा नाही, मुलांना जवळ जाऊ द्यायचं नाही. पोलीस आणि तहसीलदारांना कळवायचं. वस्तू भंगारवाल्याला देणं हे तर पुरावा नष्ट करणंच. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वस्तू अवकाशात सोडणाऱ्या देशाकडून नुकसानभरपाई मागता येते. १९७८ मध्ये कॅनडात पडलेल्या ‘कॉसमॉस ९५४’ साठी सोव्हिएत संघाने पुढे ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. भारत या कराराचा सभासद आहे. पण वस्तू कुणाची हे सिद्ध करायला माप, वजन, फोटो आणि पडल्याची वेळ लागते.

म्हणून मागणी साधी आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात अवकाशातून पडणाऱ्या वस्तूंसाठी एक पान असावं. तज्ज्ञांनी पाहणी केल्यावर तुकड्याचा व्यास, जाडी, वजन आणि धातू यांची नोंद सार्वजनिक व्हावी. वरच्या तुकड्यांच्या अंदाजाला जमिनीवरचा खरा आकडा देणारी दुसरी सोय आपल्याकडे नाही. तुमच्या शिवारात कधी असं काही पडलं, तर घाबरू नका, हात लावू नका. वेळ लिहून ठेवा, लांबून फोटो काढा आणि कळवा.